सारासाठी एक टोमॅटो: कुंडीत नवं वाण घडवताना

बाजारातल्या टोमॅटोचं सार केलं की रंग झकास येतो, पण आंबटपणा चिंचेकडून उसना घ्यावा लागतो. यात शेतकऱ्याची चूक नाही. नारायणगाव किंवा पिंपळगावहून निघालेला क्रेट दूरच्या मंडईत न फुटता पोचला पाहिजे, म्हणून जाड भिंतीच्या, घट्ट गराच्या संकरित जाती लावल्या जातात. टोमॅटोचा आंबटपणा बराचसा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात असतो आणि या फळांत तो रसच बेताचा. उलट पुसा रुबीसारखं जुनं वाण घ्या: फळ चपटं, थोडं खाचांचं, रसाळ, चांगलं आंबट. पण झाड चार-पाच फूट पसरतं, काठ्या मागतं आणि बाल्कनीत त्याला आवरता आवरता नाकी नऊ येतात.

म्हणजे फळ एकाचं हवं आणि झाड दुसऱ्याचं. ही जुळणी घरच्या घरी करता येते. दहा-बारा कुंड्या, एक चिमटा, एक वही आणि साधारण चार वर्षं एवढं भांडवल पुरतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एम. सी. बाइल्स नावाच्या रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी १९३० नंतरच्या काळात परसात मोठ्या टोमॅटोंचे संकर करून एक वाण तयार केलं आणि त्याची रोपं एकेक डॉलरला विकून घराचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं, असं सांगतात. त्या वाणाचं नावच 'मॉर्टगेज लिफ्टर' पडलं. आपल्याला कर्जापर्यंत जायचं नाही, साराचं बघू.

वहीचं पहिलं पान

कुंडीला हात लावायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: कसा टोमॅटो हवा आहे? माझ्या वहीत आहे ते असं: 'बारा इंची कुंडीत, काठीशिवाय उभं राहणारं झाड, फळ चपटं, रसाळ, सारापुरतं आंबट.' बस. यात 'शिवाय जांभळा असावा, पट्टे असावेत, रोग पडू नये, महिनाभर टिकावा' अशी भर घालायचा मोह प्रत्येकाला होतो. तो का आवरायचा, याचं उत्तर गणितात आहे आणि ते पुढे येईलच.

टोमॅटो निवडण्याचं कारणही इथेच सांगून टाकतो. काकडी-भोपळ्यात नर-मादी फुलं वेगळी, मधमाश्या सगळी सरमिसळ करून ठेवतात. टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात आणि पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला अशी लपेटून बसते की बहुतेक वेळा फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. त्यामुळे एकदा संकर केला की पुढच्या पिढ्यांमध्ये झाड आपोआप स्थिर होत जातं. आपलं काम फक्त योग्य झाड उचलण्याचं.

आईबाप

दोन्ही पालक स्थिर हवेत, म्हणजे त्यांचं बी पेरलं तर तसंच झाड यावं. बियाण्याच्या पाकिटावर 'संकरित', 'हायब्रीड' किंवा 'एफ-१' लिहिलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. दुकानदाराला सरळ 'सरळ वाण आहे का?' असं विचारा, त्याला कळतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी ('सू' आणि 'इम्प्रूव्ह्ड मीरुती' या दोन वाणांच्या संकरातून आलेली), बंगळूरच्या संस्थेची अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची धनश्री, भाग्यश्री ही सगळी सरळ वाणं. ओळखीच्या कुणाकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला गावठी टोमॅटो असेल तर उत्तमच, पण तो एक हंगाम लावून सगळी झाडं सारखी येतात का हे आधी पाहा.

बुटक्या झाडासाठी 'टायनी टिम' किंवा 'मायक्रो-टॉम' अशी छोट्या कुंडीतली वाणं हौशी मंडळींकडे मिळतात. 'मायक्रो-टॉम' तर फ्लोरिडा विद्यापीठात शोभेच्या कुंडीसाठी केलेलं, जेमतेम वीतभर उंचीचं झाड. आता जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरतात. यांची फळं मात्र गोटीएवढी.

इथे एक अडवणूक करतो. अमेरिकेतल्या मावशीला 'पाकिटात टाकून थोडं बी पाठव' असं सांगू नका. बियाणं आयातीला परवाना आणि वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. कायद्याचं सोडा, टोमॅटोवर २०१४-१५ च्या सुमारास इस्राएल-जॉर्डनकडे दिसलेला, फळं खडबडीत तपकिरी करणारा विषाणू बियांवरून पसरतो. आपल्या हौसेपायी तो जुन्नरच्या मळ्यात यायला नको.

आता आई कोण आणि बाप कोण? ज्याच्या फुलावर फळ धरणार ते झाड आई. बुटकेपणा हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे झाडात त्याच्या दोन्ही प्रती असल्या तरच दिसतो. म्हणून बुटक्या झाडाला आई करा. संकर जमला असेल तर त्या बियांची रोपं उंच निघतील. बुटकीच निघाली तर समजा, फुलाने आपलंच परागण उरकलं आणि आपल्या हातून काही झालं नाही. ही तपासणी रोप चार इंचांचं असतानाच होते. बाप बुटका घेतला तर दोन्ही शक्यतांत रोपं उंचच येतात आणि कित्येक महिने आपण गैरसमजात राहतो.

चिमट्याची भीती वाटत असेल तर आडवाट आहे. आवडलेल्या संकरित चेरी टोमॅटोचं पिकलं फळ घ्या, त्यातलं बी पेरा. संकर बियाणे कंपनीने करून ठेवलेलाच आहे. तुमच्या हातात थेट दुसरी पिढी येते. पहिल्या वर्षी मी तरी नवख्याला हाच मार्ग सुचवीन.

केव्हा

रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर आणि दिवसाचं ३२-३५ च्या पलीकडे राहू लागलं की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. पुणे-नाशिक पट्ट्यात ऑगस्टअखेर बी टाकलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरपूर फुलं असतात. संकरासाठी याहून चांगला काळ नाही. कोकणात पाऊस लांबतो, हवा दमट, म्हणून महिनाभर पुढे सरका. विदर्भात हिवाळाच काय तो आपला.

फळ जानेवारीच्या सुरुवातीला पिकतं. ते बी लगेच पेरलं तर मार्चमध्ये फुलं येतात आणि पुण्यात मार्चच्या रात्री अजून बऱ्या असतात. या उन्हाळी पिढीत एका झाडावर एक फळ पिकलं तरी काम झालं, कारण पहिल्या पिढीत निवडण्यासारखं काहीच नसतं. चांगला हंगाम निवडीच्या पिढीसाठी राखायचा आणि वाईट हंगामात फक्त पिढी पुढे ढकलायची, हे जमलं की वर्षाला दोन पिढ्या होतात. बंगळूर-बेळगावकडच्यांना हे आणखी सोपं.

दहा मिनिटांचं काम

जालना आणि देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये बायका संकरित बियाण्यासाठी हेच काम दिवसभर करतात, एका फुलाला मिनिटही न लावता. आपण दहा मिनिटं घेऊ. सामान: अणकुचीदार टोकाचा चिमटा (भुवयांचा चालत नाही, घड्याळ दुरुस्तीवाल्यांचा हवा), भिंग, रंगीत दोरा, आणि जमल्यास बॅटरीचा टूथब्रश.

संध्याकाळी बुटक्या झाडावर अशी कळी शोधा जी दुसऱ्या दिवशी उमलणार आहे. पाकळ्या हिरवटपणा सोडून फिकट पिवळ्या झालेल्या असतात, टोकं जेमतेम सुटलेली असतात. गडद पिवळं, पाकळ्या मागे वळलेलं फूल घेऊ नका. त्याचं परागण होऊन गेलेलं असतं. सगळ्यांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. माझी पहिली सात फुलं अशीच फुकट गेली आणि फळं धरली म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

कळी दोन बोटांत धरून पाकळ्या हलकेच मागे ओढा. आत पिवळी निमुळती नळी दिसेल, ती म्हणजे एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. चिमट्याचं टोक नळीच्या बुडाशी बाजूने सरकवा, एक पुंकेसर फोडा आणि मग उरलेले एकेक करून सोलून काढा. मधोमध हिरवट दांडी आणि तिच्या टोकाला बारीक गाठ उरेल. ती गाठ म्हणजे कुक्षी. तिला धक्का लागला तर ते फूल सोडून द्या. एकाच घोसातल्या दोन-तीन कळ्या घ्या आणि घोसातली बाकी फुलं खुडून टाका, म्हणजे नंतर घोळ होत नाही.

शेवटी कळीखालच्या पाच हिरव्या निदलांपैकी दोन कात्रीने निम्मी कापा. फळ मोठं झालं तरी ती तुटकी टोपी तशीच राहते. दोरा सुटला, पट्टी उडाली तरी संकराचं फळ ओळखू येतं. फुलावर जाळीची छोटी पोटली बांधा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ज्या पोटलीत वाण मिळतं, तीच. घरात अशा डझनभर पडलेल्या असतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास, ऊन लागून पराग सुटे झाले की, पुसा रुबीचं पूर्ण उमललेलं फूल घ्या. देठाला टूथब्रशची मागची बाजू टेकवून तो सुरू करा आणि खाली काळं काहीतरी धरा. बंद मोबाइलचा काळा पडदा मला सगळ्यांत सोयीचा वाटतो, पिवळट भुकटी लगेच दिसते. तीच भुकटी बोटाच्या टोकाने उचलून कुक्षीवर टेकवा. पुढच्या दिवशी पुन्हा एकदा. पोटली परत बांधा, दोऱ्याला पट्टी लावून तारीख आणि दोन्ही पालक लिहा, आईचं नाव आधी.

तंबाखू मळणारा कुणी बागेत मदतीला येत असेल तर आधी साबणाने हात धुवायला लावा. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातांवरून टोमॅटोवर जातो. राग येईल, पण सांगा.

आठवडाभरात दांडीच्या बुडाशी हिरवा मणी फुगू लागला तर जमलं. सहा फुलांतली दोन धरली तरी पुष्कळ. एका फळात पन्नासच्या वर बिया सहज निघतात.

पहिली पिढी

या बियांतली तीन-चारच लावा. उंच रोप ठेवा, बुटकं आलं तर काढा. फळं मधल्याच आकाराची, त्यातही लहान पालकाकडे झुकलेली येतील, कारण टोमॅटोत लहान फळ मोठ्यावर भारी पडतं. चव कशीही असो, मत बनवू नका. बी धरा आणि पुढे चला.

दुसरी पिढी: खरा खेळ

इथे पत्ते पिसले जातात. दोन्ही पालकांचे जे जे गुण वेगळे होते ते सगळे सुटे होऊन नव्या जोड्यांत येतात आणि एकाच फळातल्या बियांची झाडं भावंडं असूनही एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

पहिल्या पानावरच्या वाक्याचं गणित इथे लागतं. एक अप्रभावी गुण हवा असेल तर चारातलं एक झाड तसं निघतं. दोन हवे असतील तर सोळात एक, तीन हवे तर चौसष्टात एक. बरं, सोळा लावली की एक मिळेलच असंही नाही. शंभरात पंच्याण्णव वेळा यश यावं असं वाटत असेल तर एका गुणासाठी ११, दोन गुणांसाठी ४७ आणि तीन गुणांसाठी १९१ झाडं लागतात. १९१ कुंड्या कुणाच्या गच्चीवर आहेत?

युक्ती अशी की काही गुण रोपवाटिकेतच दिसतात. बुटकेपणा हा त्यातला राजा: रोप आखूड, खोड जाड, पानं गडद आणि सुरकुतलेली. तीन-चार आठवड्यांत फरक स्पष्ट होतो. बटाट्यासारखं, कडा न कातरलेलं पानही अप्रभावी, आणि तेही ट्रेमध्येच कळतं. म्हणून प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट-गांडूळखत भरून ४८ बिया टाका. त्यातली बाराएक बुटकी निघतील. तेवढीच कुंडीत जातील, उरलेल्या ३६ ची रजा. चाळणी फुटभर ट्रेमध्ये लागली आणि कुंड्या बाराच लागल्या.

रजा देताना हात थरथरतो. धडधाकट, हिरवंगार रोप उपटून कंपोस्टात टाकणं आपल्या संस्कारात बसत नाही. शेजाऱ्यांना द्या हवं तर, पण स्वतःच्या गच्चीवर ठेवू नका. मी एका वर्षी दयेपोटी अकरा उंच रोपं जादा ठेवली. त्यांनी बुटक्यांचं ऊन खाल्लं, पांढरी माशी पाहुणी आणली आणि पानं आकसण्याच्या रोगाने अर्धी पिढी गेली. तेव्हापासून ट्रेपाशी मी निष्ठुर असतो. पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावतो आणि पानं वळून झाड खुजं पडलं की पिशवीत घालून काढून टाकतो.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी वर्षं तिच्यावर उभी आहेत. अप्रभावी गुण दिसला म्हणजे तो पक्का झाला. बुटक्या झाडाची पोरं बुटकीच येणार. प्रभावी गुणाचं तसं नसतं. लाल गर पिवळ्यावर प्रभावी आहे. लाल फळाचं झाड मनात पिवळा दडवून असू शकतं. असा गुण दाखवणाऱ्या तीन झाडांपैकी एकच शुद्ध असतं. कोणतं, ते पोरं लावल्याशिवाय कळत नाही: अकरा पोरं लावून सगळीच लाल निघाली तर झाड बहुधा शुद्ध. म्हणून नवख्याने आपलं स्वप्न शक्यतो अप्रभावी गुणांतून विणावं. गुलाबी टोमॅटो (लाल गरावर रंगहीन साल), तपकिरी-काळसर टोमॅटो (पिकूनही हिरवा रंग न सोडणारा गर), फळावरचे हिरवे पट्टे, ठरावीक उंचीला आपोआप थांबणारी झुडुपी वाढ हे सगळे असेच गुण. गुलाबी आणि बुटकं हवं असेल तर ट्रेमधल्या ४८ मधून बारा बुटकी, त्यांत तीनएक गुलाबी. हे बाल्कनीत मावतं.

आंबटपणा, फळाचा आकार, रसाळपणा मात्र एका जनुकाच्या हातात नसतात. तिथे चारात एक, सोळात एक असा हिशोब चालत नाही. बारा झाडांतलं सगळ्यांत बरं कोणतं, एवढंच विचारायचं. गोटीएवढ्या आणि मोठ्या फळाच्या संकरात तर दुसऱ्या पिढीत बहुतेक फळं लहानच येतात. त्यावर उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे: यातलं सर्वांत बरं बुटकं झाड घेऊन त्यावर पुन्हा एकदा पुसा रुबीचे पराग टाकायचे. मी तेच केलं. एक वर्ष गेलं, पण फळ गोटीवरून लिंबावर आलं.

चव कशी मोजायची

झाडाला पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर फळं चाखू नका, चव पाणचट लागते. प्रत्येक झाडाचं दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं, झाडावरच पिकलेलं फळ घ्या. फोडी वाट्यांत ठेवा, वाट्यांखाली क्रमांक चिकटवा आणि घरातल्या कुणाला तरी वाट्या इकडच्या तिकडे करायला सांगा. कुठली फोड कुणाची हे माहीत असलं की लाडक्या झाडाला आपण नकळत जास्त गुण देतो. आंबट, गोड, रस, साल अशा चार रकान्यांत पाचपैकी गुण. गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं दुर्बिणीसारखं उपकरण मिळतं. ते विरघळलेली साखर वगैरे दाखवतं, आंबटपणा दाखवत नाही. सारासाठी सार करूनच बघावं लागतं. आमच्याकडे डिसेंबरमध्ये तीन रविवार तीन छोट्या पातेल्यांत सार होतं, चिंच न घालता.

पुढच्या पिढ्या

दर पिढीला अनिश्चितता निम्मी होते. दुसऱ्या पिढीत वेगळ्या असलेल्या जनुकांपैकी ५० टक्के अजून मिश्र (दोन प्रती दोन तऱ्हेच्या) असतात, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत तीनच्या आसपास, सातवीत दीड, आठवीत एकाहून कमी. सहावी-सातवी ओलांडली की घरगुती वापरासाठी वाण स्थिर म्हणायला हरकत नसते.

दुसऱ्या पिढीतलं एकच झाड उचलू नका, दोन किंवा तीन उचला. तिसऱ्या पिढीत प्रत्येकाची पाच-सहा पोरं. आता दोन प्रश्न विचारायचे: कुठलं कुटुंब चांगलं, आणि त्या कुटुंबातलं कुठलं झाड चांगलं? ज्या कुटुंबात सगळीच पोरं बरी आहेत ते कुटुंब एका चमकदार पोराच्या कुटुंबापेक्षा मी वर ठेवतो. पाचवीपासून एकाच घराण्यावर लक्ष द्या. उन्हाळी पिढ्यांत मात्र चवीचा निवाडा करू नका. प्रत्येक कुटुंबाचं एकेक झाड जगवा, एकेक फळ पिकवा, बी धरा, थांबा.

हे सगळं एकट्याने करायलाच हवं असं नाही. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेतले क्रेग लहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी जगभरच्या हौशी लोकांना जोडून बुटक्या टोमॅटोंचा प्रकल्प सुरू केला. एका गोलार्धात हिवाळा तेव्हा दुसऱ्यात उन्हाळा, त्यामुळे वर्षाला दोन पिढ्या निघत. 'रोझेला पर्पल', 'टास्मानियन चॉकलेट' यांच्यासह शंभराहून जास्त वाणं त्यातून बाहेर पडली, आणि करणारे बहुतेक परसबागवाले. आपल्याला गोलार्ध ओलांडायची गरज नाही. पुण्यातला एक, महाबळेश्वरकडचा एक आणि बंगळूरचा एक असे तिघे जमले तरी एप्रिल-मेची पिढी वाया जात नाही, शिवाय बाराच्या जागी छत्तीस कुंड्या होतात.

पट्ट्या

पक्क्या शाईच्या मार्करवर विश्वास ठेवू नका. उन्हात तो दोन महिन्यांत पुसट होतो. माझी तिसऱ्या पिढीची नऊ झाडं एका पावसाळ्यात अशीच अनामिक झाली आणि पुन्हा दुसऱ्या पिढीच्या बियांपासून सुरुवात करावी लागली. दह्याच्या डब्याच्या प्लास्टिकची पट्टी कापा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहा. ती पावसाला, उन्हाला कुणाला दाद देत नाही.

क्रमांक असा: 'सार-२-७' म्हणजे दुसऱ्या पिढीतलं सातवं झाड. त्याचं तिसरं पोर 'सार-२-७-३'. नाव वाढत जातं, पण नुसतं वाचून आजोबांपर्यंत पोचता येतं. वहीत पेरणी, पहिलं फूल, पहिलं फळ, उंची, गुण आणि एक वाक्य. 'चांगलं' असं लिहू नका, वर्षाने त्याचा अर्थ लागत नाही. 'सालीला तडे, रस उत्तम, बूड काळं पडतं' असं लिहा.

बी धरणं

पराग एरवी आतच राहतात, पण निळ्या पट्ट्यांच्या माश्या आणि काळे भुंगे फुलाला लटकून गुणगुणत परागांची देवाणघेवाण करू शकतात. म्हणून बियाण्यासाठीच्या घोसावर फुलं उमलायच्या आधी पोटली बांधा, फळं मण्याएवढी झाली की काढा. अधूनमधून घोस टिचकीने हलवा.

पूर्ण पिकलेल्या फळाचा रस-बिया वाटीत काढून दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या. वर पांढरट थर येईल, वास सुटेल, घरचे बोलतील. मग गाळणीत धुवा. बियांवरचा चिकटा निघून गेलेला असतो. स्टीलच्या ताटलीत किंवा कॉफी फिल्टरवर पसरून वाळवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतात. आठवड्याने कागदी पुडीत, पुडी सिलिका जेलच्या पाकिटासह घट्ट डबीत, डबी फ्रिजमध्ये. चार-पाच वर्षं काळजी नाही. प्रत्येक पिढीचं थोडं बी मागे ठेवाच. पट्ट्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

वाण झालं का?

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नव्या वाणाला इतर अटींबरोबर हे तीन प्रश्न विचारतो: ते इतरांपेक्षा वेगळं आहे का, सगळी झाडं एकसारखी आहेत का, आणि पिढीमागून पिढी तसंच राहतं का. नोंदणी करायची नसली तरी घरासाठी हीच परीक्षा घ्या. सातव्या पिढीची दहा झाडं लावा. एकही उंच नको, एकही वेगळ्या रंगाचं नको, फळाचा आकार भावंडांइतकाच वेगळा. एखादं चुकार निघालं तर आणखी एक पिढी. याच कायद्याने नोंदणीकृत वाण नव्या वाणासाठी सुरुवातीचा पालक म्हणून वापरायला मोकळीक दिली आहे, आणि शेतकऱ्याला बी जपायचा, वाटायचा, अदलाबदलीचा हक्कही. संरक्षित वाण ब्रँडचं लेबल लावून विकणं तेवढं चालत नाही.

माझं 'सार' अजून पाचवीत आहे. आंबट आहे, बुटकं आहे. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, आणि दहातल्या एकाला अजून तडा जातो. तरी या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या पोटल्यांतून दहा-दहा बिया वाटायच्या ठरल्या आहेत. प्रत्येक पोटलीत चिठ्ठी: पिढी पाचवी, पेरणी ऑगस्टअखेर, कुंडी बारा इंची, एखादं झाड वेगळं निघालं तर उपटू नका, आधी फोटो पाठवा.